करंजपुळणचा सुरुंगचोर

त्या माणसाचा फोटो विष्णूला दिसला तो लेकीच्या फ्रिजवर. तिच्याकडे परदेशी, वेस्ट विंडसरला येऊन त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. डिसेंबरच्या थंडीनं गुडघे धरले होते. सकाळी चहाला दूध काढायला म्हणून तो फ्रिजपाशी गेला, तर मॅग्नेटखाली रंगीत कागद. ‘विजय दिवस विशेष. १९७१ च्या युद्धात कोकण किनाऱ्यावर शेतकऱ्यांचं गुप्त पथक उभारणारे श्री. रवींद्र खासनीस यांचा जाहीर सत्कार.’ वर फोटो. केस पांढरे झालेले, गाल ओघळलेले, पण हनुवटी वर करून बघायची ती ढब? तीच! पन्नास सोडा, पाचशे वर्षांनी दिसली असती तरी विष्णूनं ओळखली असती.

दुधाचा कॅन हातातून सुटला आणि फरशीभर दूध झालं.

हिमानी धावत आली. “बाबा! लागलं का कुठं?”

“हा मेला इथं कसा?”

“कोण? खासनीस काका? अहो, आमच्या मंडळाचा प्रेसिडेंट शंतनू आहे ना, त्याचे वडील. दहा-बारा वर्षं इथंच असतात. तुम्ही ओळखता त्यांना?”

ओळखता! ज्या माणसाच्या नावानं गेली चोपन्न वर्षं सकाळचा पहिला घोट कडू झाला, त्याला ओळखता का म्हणे!

हिमानीला एवढंच ठाऊक होतं, की तिच्या जन्माआधी आपले वडील चौदा महिने तुरुंगात होते आणि करंजपुळण गावात त्यांना पाठीमागे ‘सुरुंगचोर’ म्हणतात. घरात तो विषय कोणी काढत नसे. आई काढायची नाही, आत्या तर नाहीच नाही. त्या सकाळी हिमानीनं ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली, फरशी पुसली, वडिलांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, “आता सांगा.”

“शपथ आहे,” विष्णू म्हणाला. मग फ्रिजकडे बघून दात-ओठ खात म्हणाला, “पण त्या भडव्यानं ती मोडली. आता मी मोकळा.”

आणि त्यानं सांगितलं.

एकाहत्तरचा नोव्हेंबर. भाताची झोडणी नुकतीच उरकली होती. विष्णू तेव्हा तेवीस वर्षांचा. हायस्कुलातले खासनीस मास्तर खळ्यावर आले आणि त्याला बाजूला घेऊन म्हणाले, “लढाई होणार. शत्रूची जहाजं आपल्या पुळणीवर लागली तर फौज यायला दोन दिवस लागतील. ते दोन दिवस आपले.” मुंबईहून कोणी साहेब गुपचूप येऊन गेला होता म्हणे. मास्तरांनी पाच शेतकरी निवडले. विष्णूच्या पेंढ्याच्या उडवीखाली जांभा फोडून सहा बाय आठची खोली खणली. पेंढ्याच्या चार जुड्या बाजूला केल्या की आत शिरायचं भोक. आत दोन रायफली, वातीची वेटोळी, जिलेटिनच्या कांड्या, गूळ-पोह्यांचा डबा आणि पाण्याची घागर. शत्रू उतरला की गाव पळेल. हे पाच जण मात्र खाली लपून राहणार, त्याला डोक्यावरून जाऊ देणार आणि मागून बाहेर पडून खाडीवरचा पूल उडवणार. पुढं काय, हे कोणी विचारलं नाही. परत यायचं नाही, हे न सांगता सगळ्यांना समजलं होतं. वाघजाईच्या देवळात नारळावर हात ठेवून सहा जणांनी शपथ घेतली. आईला नाही, बायकोला नाही, मरेपर्यंत कोणाला नाही. आणि करंजपुळणात वाघजाईची शपथ म्हणजे चेष्टा नव्हे! खोटी घेणाऱ्याच्या घरात दिवा लावायला माणूस राहत नाही, असं तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

शत्रू आलाच नाही. तेरा दिवसांत लढाई संपली. साहेब येऊन रायफली घेऊन गेला. कांड्यांची पेटी परत करायचं काम मास्तरांचं. “बघतो, कळवतो,” करत त्यांनी चार महिने काढले. एप्रिलच्या उकाड्यात कांड्या घाम गाळू लागल्या. ते जिलेटिन असं पाझरू लागलं की केव्हा घात करेल सांगता येत नाही. विष्णूनं जीव मुठीत धरून पेटी उचलली आणि गोठ्याच्या मागं सावलीत नेऊन ठेवली. त्याच आठवड्यात चोरट्या सोन्याच्या मागावर आलेल्या पोलिसांनी वाडीत झडती घेतली. सोनं सापडलं नाही, चाळीस कांड्या सापडल्या. रस्त्याच्या कामावरच्या गुदामातून त्याच महिन्यात सुरुंगाचा माल चोरीला गेलेला. झालं! कोणाचा कोण चोर, आणि हातात बेड्या विष्णूच्या.

त्यानं मार खाल्ला, पण शपथ मोडली नाही. एवढंच म्हणाला, “खासनीस मास्तरांना विचारा.” मास्तर आले. इस्त्रीचा सदरा घालून आले. फौजदारासमोर उभे राहिले, हनुवटी वर करून विष्णूकडे पाहिलं आणि म्हणाले, “माझा जुना विद्यार्थी. बाकी मला काही माहीत नाही.” आणि चालते झाले. जूनमध्ये गावही सोडून गेले.

“त्यांनाही शपथ होती ना, बाबा?” हिमानीनं हळूच विचारलं.

“शपथ होती तर साहेबाला एक चिठ्ठी लिहायची होती! साहेबाला तर सगळं ठाऊक होतं. चार ओळी, हिमे. चार ओळी लिहिल्या असत्या तर माझा बाप त्या पावसाळ्यात हाय खाऊन मेला नसता. तुझ्या आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं नसतं.”

आत्या म्हणजे पद्मिनी. विष्णूपेक्षा चार वर्षांनी लहान. सुरुंगचोराची बहीण कोण करून घेणार? ती बिनलग्नाची राहिली, करंजपुळणच्या घरात राहिली. आणि दादाला कोणी चोर म्हटलं की अशी अंगावर जायची! एकदा नदीवर एकीनं टोमणा मारला, तर पद्मिनीनं तिला पिळलेल्या लुगड्यानं झोडपली होती. तुरुंगात भेटायला आली तेव्हा विष्णू गजाआडून म्हणाला होता, “पद्मे, मी चोरी केली नाही.” तेवढं तिला पुरलं. मग कांड्या कुठून आल्या, हे तिनं कधी विचारलं नाही. एकदाही नाही.

“तुम्ही माईकवर बोलायचं,” हिमानी डोळे पुसत म्हणाली. “सगळ्यांसमोर. ह्या कागदावर लिहिलंय बघा, रेकॉर्डिंग करंजपुळणच्या ग्रुपवर पाठवणार आहेत. सगळं गाव ऐकेल. आत्या ऐकेल.”

“कोणाला आधी बोलू नकोस,” विष्णू म्हणाला. “त्याला शाल पांघरू दे, हार घालू दे. मग उतरवू.”

आठ दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही, असं म्हणावं तर ते खोटं. उलट, इतकी कडकडून भूक त्याला कित्येक वर्षांत लागली नव्हती! सकाळी बेसमेंटमध्ये येरझाऱ्या घालत तो भाषण घोटायचा. ‘मंडळी, हा माणूस घाबरट आहे. ह्यानं मला चौदा महिने सडवलं.’ कुठं थांबायचं, कुठं बोट दाखवायचं, सगळं बसवलं. नात इला जिन्यावरून डोकावून विचारायची, “आबा, हू आर यू फायटिंग विथ?” आणि तो म्हणायचा, “उंदीर आहे एक, बाळा. मोठा उंदीर.” पद्मिनीला त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, “रविवारी ग्रुपवर क्लिप येईल. बघ.”

“कसली रे?”

“बघ म्हटलं ना. तुझ्यासाठीच आहे.”

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. दीडशे माणूस जमलेलं. साबुदाणा वडे, चहाचे थर्मास, नटूनथटून आलेल्या बायका, पार्किंग मिळालं नाही म्हणून कुरकुरत शिरणारे पुरुष. हिमानीनं वडिलांना दुसऱ्या रांगेत बसवलं. खासनीस मास्तर व्यासपीठावर खुर्चीत होते. त्र्याऐंशी वर्षांचे. अंगावर शाल, गळ्यात हार, आणि हनुवटी वर.

भाषण मात्र झकास करत होता लेकाचा! किनारा, अंधार, दूरवरचे दिवे. “जिलेटिनच्या कांड्या छातीशी कवटाळून आम्ही रात्रीच्या रात्री जागलो,” मास्तर म्हणाले, आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले. विष्णू नाकातून हसला. जिलेटिन नुसतं हाताळलं तरी डोकं असं ठणकतं की भिंतीवर आपटावंसं वाटतं. पाचही जण कपाळाला फडकी बांधून वावरायचे. छातीशी कवटाळून म्हणे! हा गडी त्या भोकात दोनदा उतरला असेल, तेही धोतराला माती लागते म्हणत. आणि नावं? एकाचंही नाव नाही. ‘माझे भोळे शेतकरी साथी.’ बाकीचे चौघे शपथ पाळून गप्पच मेले, त्यांची नावं घ्यायलाही ह्याच्या जिभेला जड झालं.

भाषण संपलं तशी एक मुलगी उठली. ज्ञानदा तिचं नाव. नागपूरची, इथं इतिहासात पीएचडी करत होती, आणि ह्या आठवणी विद्यापीठाच्या संग्रहात ठेवाव्यात म्हणून रेकॉर्डर घेऊन आली होती. अदबीनं म्हणाली, “काका, खूप सुंदर बोललात. पण मी गेले चार महिने शोधतेय, ह्या पथकाचा कुठंच कागद मिळत नाही. एखादं पत्र, एखादा फोटो? किंवा तुमच्या साथींपैकी कोणी हयात आहे का? नाही तर मला हे रेकॉर्डमध्ये घेता नाही येणार.”

“पथकच गुप्त होतं बेटा, कागद कुठून असणार?” मास्तर हसले.

मागून कोणीतरी बोललंच, “मग असं तर कोणीही सांगेल, यार!” थोडं हसू फुटलं. पहिल्या रांगेतला शंतनू लाल झाला. मास्तरांची हनुवटी पहिल्यांदा खाली आली.

हीच वेळ. विष्णू उठला. गुडघे कुरकुरले, पण उठला. तोंड उघडणार, एवढ्यात मास्तरांची नजर त्याच्यावर पडली.

आधी चेहरा पांढराफटक पडला. मग, काय सांगावं त्या माणसाच्या डोक्याचं, एका क्षणात त्या चेहऱ्यावर दिवाळी झाली.

“विष्णू!” मास्तर ओरडले. “अरे, हा माझा विष्णू! मंडळी, साक्षीदार विचारत होता ना? हा बघा, साक्षात उभा आहे!” आणि शंतनूचा हात धरून ते व्यासपीठावरून खाली आले. विष्णूला मिठी मारली. अत्तराचा वास आला. “ह्याच्या उडवीखाली आमचा तळ होता. युद्धानंतर ह्याच्याकडे कांड्या सापडल्या आणि ह्याला चोर म्हणून पकडलं. हा चौदा महिने तुरुंगात राहिला, पण तोंड उघडलं नाही! आणि मी... मी बोलायला हवं होतं. नाही बोललो. चुकलो. आज सगळ्यांसमोर सांगतो, विष्णू चोर नव्हता. माझ्या पथकाचा वाघ होता!”

हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. हिमानी ओंजळीत तोंड धरून रडत होती. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता.

आणि विष्णू? विष्णूच्या हाताशी काही उरलं नाही. आठ दिवस घोटलेलं वाक्य न् वाक्य त्या माणसानं त्याच्या तोंडातून काढून घेतलं आणि स्वतःच्या आरतीत ओवाळलं. चुकलो म्हणे! चोपन्न वर्षं नाही चुकला, आणि पोरीनं पुरावा मागितल्याबरोबर चुकला? ह्याला विष्णूची आठवण आली नव्हती, पावतीची गरज पडली होती. बापाचं मरण, पद्मीचं लग्न, चौदा महिन्यांची ती घाण, सगळं ह्याच्या शालीचा जरीकाठ झालं. ‘माझा वाघ’ म्हणे! तुझा?

ज्ञानदा माईक घेऊन पुढं आली. तिचेही डोळे भरलेले. “काका, हे सगळं खरं ना? तुम्ही फक्त हो म्हणा. मी आजच रेकॉर्डमध्ये घेते.”

फक्त हो म्हणा. एका अक्षराचं काम होतं. हो म्हटलं की सुरुंगचोर संपला. हो म्हटलं की खासनीसही तरला, शालीसकट, हारासकट, कायमचा. विष्णूनं मास्तरांकडे पाहिलं. ते हसून मान डोलावत होते, वर्गात पोराला उत्तर सुचवावं तशी.

“हे आमच्या हायस्कुलात मास्तर होते,” विष्णू माईकमध्ये म्हणाला. आवाज खणखणीत निघाला. “बाकी मला काही माहीत नाही.”

टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले.

“अरे विष्णू,” मास्तर हसत म्हणाले, “आता शपथ कशाला पाळतोस? मी सांगितलंय सगळं.”

“कसली शपथ? कसलं पथक? आमच्या गावात असलं काही नव्हतं.”

“विष्णू! अरे, तुझ्यावरचा आळ पुसतोय मी!”

“आळ कसला? कांड्या माझ्याकडे सापडल्या, शिक्षा मी भोगली. ह्या गृहस्थांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.” त्यानं हात वर केला. “वाघजाईची शपथ घेऊन सांगतो.”

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. त्यांना वाघजाई ठाऊक होती. करंजपुळणात सात वर्षं काढली होती त्यांनी. ते खुर्ची शोधत मागं सरकले आणि मटकन बसले. “खोटं बोलतोय हा,” ते पुटपुटले. शंतनू वाकून इंग्रजीत विचारत होता, “बाबा, डिड यू मेक धिस अप?” सख्खा मुलगा! मागं कुजबुज, मग हसू, मग खुर्च्यांचे आवाज. ज्ञानदानं मान खाली घालून रेकॉर्डर बंद केला आणि पर्समध्ये टाकला. मास्तर गळ्यातला हार काढायला धडपडत होते, तो कानातल्या यंत्रात अडकला होता.

विष्णूनं ते डोळे भरून पाहिलं. तो आनंद कसा सांगावा! जन्मभर टाचेत रुतलेला काटा निघावा, तसं वाटलं. त्यानं टेबलावरचा एक वडा उचलला आणि चवीनं खाल्ला.

गाडी सिग्नलला थांबल्यावर हिमानी म्हणाली, “आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन. हेच केलंत ना, बाबा?”

“त्याचं तोंड पाहिलंस?”

“नाही. मी तुमचं पाहत होते. ते काका सांगत होते, बाबा. सगळं खरं सांगत होते! चोर नव्हता, म्हणाले. एवढ्यासाठीच तर गेलो होतो आपण.”

“आपण नाही. तू एवढ्यासाठी गेली होतीस,” विष्णू म्हणाला. “मी त्याला बघायला गेलो होतो.” आणि त्या रात्री त्याला इतकी गाढ झोप लागली, की घोरण्यानं इला दार लावून घ्यायला उठली.

रविवारी सकाळी साडेसातला पद्मिनीचा फोन आला. तिकडे दिवेलागण झालेली. व्हिडिओवर आधी घराचं छप्पर दिसलं, मग तिचं कपाळ, मग चेहरा. डोळे सुजले होते.

“दादा, क्लिप बघितली.”

विष्णूच्या हातातला चहाचा कप तिथंच थांबला. काल दुपारपासून, खरंच सांगायचं तर, पद्मी त्याच्या मनातसुद्धा आली नव्हती.

“मास्तर बोलायला लागला ना, तेव्हा मी अंगणात धावले,” ती म्हणाली. “शेजारणीला हाक मारली. म्हटलं, ये, ऐक, माझा दादा कोण होता ते ऐक! सगळी वाडी जमली फोनभोवती. मी रडत होते रे. आणि मग तू बोललास.”

“पद्मे, ऐक माझं. मास्तर म्हणाला ते सगळं खरं आहे. अक्षर न् अक्षर. मी त्याची जिरवायला म्हणून नाही म्हटलं. समजलं का? त्यानं आपल्याला जे केलं...”

“राहू दे, दादा.”

“अगं राहू दे काय! त्या उडवीखाली खोली होती. तू पेंढा काढायला आलीस तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो होतो, आठवतं? ती खोली होती म्हणून!”

“मला बरं वाटावं म्हणून आता काही रचू नकोस,” पद्मिनी शांतपणे म्हणाली. “तू वाघजाईची शपथ घेतलीस. लोकांशी मी जन्मभर भांडले ते कशाच्या जोरावर? माझा दादा देवीची खोटी शपथ घेणार नाही, ह्याच जोरावर ना? मग आता मी कसं म्हणू, की घेतली?”

विष्णूनं मान वळवून ओट्याकडे पाहिलं. तिथं हिमानी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही.

पद्मिनीनं पदरानं नाक पुसलं. मग, धडपडलेल्या पोराला समजवावं तशी, फोन जवळ घेऊन म्हणाली, “होतं रे तरुणपणी. घरात पैशाची नड होती, घेतल्या असशील चार कांड्या. एवढी वर्षं मनात ठेवून किती जळला असशील! मी माफ केलं तुला, दादा. खरंच केलं. आता जेवणखाण नीट कर आणि थंडीत बाहेर फिरू नकोस.”

तिनं फोन ठेवला. विष्णूनं पुन्हा तिचा नंबर लावला, आणि घंटी वाजत असताना तुरुंगातलं तेच वाक्य पुटपुटत राहिला, “पद्मे, मी चोरी केली नाही.”